चारशे फूट

हेब्बाळच्या उड्डाणपुलावर, चढ संपून उतार लागतो नेमक्या त्या टोकाला, अण्णांची स्कूटर बंद पडली. आधी एकदा खोकली, मग पुन्हा धरल्यासारखं केलं, आणि मग हँडलमधली ती थरथर निघून गेली, जिच्याकडे आपण ती असेपर्यंत कधी लक्ष देत नाही. शनिवारची सकाळ होती, साडेसहा वाजले असतील. मागून विमानतळाकडे जाणारी बस भोंगा वाजवत होती, उजवीकडून टॅक्सी सुटत होत्या, तरी मला ऐकू आली ती शांतताच. चाकांचा बारीक आवाज, कानाजवळून जाणारी हवा. मी मागे वळून पाहिलं नाही. हातांनी हँडल आपसूक थोडं पुढे दाबल्यासारखं केलं, ज्याचा स्कूटरला काहीच उपयोग नसतो, आणि डोळ्यांनी समोर, जरा डावीकडे, पूल उतरून तळ्याच्या कुंपणाशी रस्ता रुंद होतो ती जागा शोधली. "अक्का, सैडिगे हाकि!" एक रिक्षावाला ओरडत गेला, बाजूला घ्या म्हणून. पण मी आधीच तिकडे निघाले होते. उतार मला नेत होता. त्या मिनिटभरात मला जराही भीती वाटली नाही. कुंपणाशी पोहोचून पाय टेकवले तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी मघापासून काहीतरी पुटपुटते आहे. "समोर. डावीकडे थोडं, उजवीकडे थोडं, पण समोर."

हे माझं बोलणं नव्हतं. हे अण्णांचं होतं, आणि अण्णांना जाऊन सात आठवडे झाले होते.

माझे वडील, रघुजी, चौतीस वर्षं लहान विमानं उडवायला शिकवत होते. येलहंक्याच्या पलीकडे, देवनहळ्ळीच्या अलीकडे, एक जुनी धावपट्टी आहे. तिला नाव आहे, पण आमच्या घरात ती कायम 'मैदान' होती, जणू अण्णा रोज पहाटे क्रिकेट खेळायला जातात. आमचं घर यशवंतपूरच्या घाऊक बाजारामागे. बटाट्यांच्या लॉऱ्यांतून वाट काढत ते ही स्कूटर न्यायचे, आणि किल्ली फिरवण्याआधी, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, रोज तेच मोठ्याने म्हणायचे. पट्टीवर असतानाच इंजिनाने दगा दिला तर थांबायचं. उचललं आणि पुढे पट्टी उरली आहे तर तिथेच उतरायचं. पट्टी संपली तर समोर. डावीकडे थोडं, उजवीकडे थोडं, पण समोर. मागे वळायचं नाही. विमान उचलण्याआधी प्रत्येकाने हे म्हणायचं असतं, कारण एकदा इंजिन गेल्यावर विचार करायला वेळ नसतो, विचार आधीच करून ठेवावा लागतो. स्कूटरवर त्याची काय गरज, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, तोंडाला सवय पाहिजे. आई ओट्यापाशी उभी राहून हसायची. "देवघरात जातानासुद्धा सांगतील, समई विझली तर काय करायचं ते. संडासला जाताना तेवढं सांगत नाहीत, नशीब." अण्णा तिच्याकडे न बघता म्हणायचे, "मथुरा, स्वल्प गप्प." आणि शेवटी, 'मागे वळायचं नाही' झाल्यावर, ते क्षणभर थांबायचे. ओठ हलायचे, आवाज नसायचा. मी दारातून बघत असे. मला वाटायचं, देवाचं नाव घेत असतील. आमच्या घरात देवाचं नाव मोठ्याने घ्यायला कुणाची हरकत नव्हती, पण माणसाला काही गोष्टी हळूच म्हणाव्याशा वाटतात, एवढं मला लहानपणीही कळत होतं.

आईनेच मला त्या शनिवारी पाठवलं होतं. मैदानावर अण्णांचं लोखंडी कपाट होतं, ते रिकामं करून द्यायचं होतं. "जा रक्षी, तूच जा," ती म्हणाली, "मी गेले तर त्या हयवदनांच्या समोर रडेन, आणि ते माझ्याहून मोठ्याने रडतील." मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. लोकांनी परत न केलेल्या, पानं फाटलेल्या, ओल लागलेल्या वस्तू हाताळायची मला सवय आहे. आईला वाटलं असेल, हिला जमेल. तळ्याच्या कुंपणाशी उभी राहून मी स्पार्क प्लग काढला, रुमालाने पुसला, परत बसवला. पाण्यावर धुकं नव्हतं, नुसता एप्रिलचा पांढुरका उजेड होता. किक मारली, सातव्या वेळेला ती सुरू झाली. थरथर परत हातात आली, आणि मला अगदी उघड, रस्त्यावर, आश्चर्य वाटलं. एवढ्याशा थरथरीवर आपण किती भार टाकून बसलेलो असतो.

रुग्णालयातही एक थरथर होती. पलंगाच्या कठड्यातून ती यायची, श्वसनयंत्राची, संथ, एकसारखी. अण्णांची फुफ्फुसं दोन वर्षांपासून आतून वाळत चालली होती. जानेवारीत, गच्चीवर कढीपत्त्याला पाणी घालताना, ते धाप लागून कठड्यावर बसले, आणि मोठ्या विमानतळावरून उठलेल्या एका विमानाकडे बघत म्हणाले, "रक्षी, मला यंत्रावर ठेवायचं नाही. वेळ आली की समोर जे दिसेल तिथे उतरवायचं. कळलं?" मी म्हटलं, "सरी, अण्णा," बरं म्हणून. मी त्यांच्याकडे बघूनसुद्धा म्हटलं नाही, झारीकडे बघून म्हटलं. नंतर मार्चमध्ये, दुपारी, अतिदक्षता विभागाच्या बाहेरच्या मार्गिकेत डॉक्टर शरच्चंद्र माझ्यासमोर उभे राहिले. माझ्याहून लहान असतील. अगदी सौम्यपणे म्हणाले, नळी घातली तर काही दिवस मिळतील, कदाचित जास्त. नाही घातली तर आज, उद्या. आई खाली औषधांच्या दुकानात गेली होती. डॉक्टरांनी मला घाई केली नाही. तरी मला सगळं समोरून वेगाने येताना दिसत होतं, आणि माझ्या हाताने जे केलं ते मी सही करून झाल्यावर पाहिलं. नळी घातली. नऊ दिवस मिळाले. तिसऱ्या दिवशी अण्णांनी डोळे उघडले. माझा डावा हात कठड्याला घट्ट धरून होता, उजवा त्यांच्या हातावर. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. माझ्या उजव्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. मग आपली दोन बोटं, तर्जनी आणि मधलं, मोठ्या कष्टाने उचलून माझ्या मनगटावर ठेवली आणि ढकललं. पुस्तकाचं पान उलटायला लागतो तेवढाच जोर होता. थांबले, आणि पुन्हा ढकललं. मी हात काढून घेतला. आई आत आली तेव्हा तिने विचारलं, "काही सांगितलं का यांनी?" मी म्हटलं, "नाही. झोपलेत." त्यानंतर त्यांनी डोळे उघडले नाहीत.

सात आठवडे ती दोन बोटं माझ्या मनगटावर होती. मी परत आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारत होते, बाराव्या-तेराव्याला आलेल्या नातेवाइकांना पाणी देत होते, दूध तापवत होते, आणि प्रत्येक वेळी हात पुढे केला की वाटायचं, त्यांनी मला दूर ढकललं. दिलेला शब्द मोडला म्हणून. आणि जे शेवटचं त्यांना करता आलं ते त्यांनी तेवढ्यासाठी वापरलं. या गोष्टीवर माझ्याकडे एकच उत्तर होतं, आणि ते सत्तावीस वर्षं जुनं होतं.

तेव्हा मी अकरा वर्षांची होते. परीक्षा संपली होती. दुरुस्तीनंतर एका विमानाची चाचणी घ्यायची होती, दोन आसनांचं विमान, आणि अण्णांनी मला शेजारी बसवून घेतलं. धावपट्टी संपली, जमीन सुटली, आणि थोड्या वेळाने इंजिन अडखळलं. विमान अंगात हिव भरल्यासारखं हलायला लागलं. आमच्या घरात यापुढची गोष्ट आई सांगते. ती तिथे नव्हती, तरी तीच सांगते, आणि दरवेळी त्यात एखादी नवी घार घालते. "समोर तर सगळं उजाड, आणि ही पोर शेजारी! हे म्हणाले असतील, माझं काही होवो, पोरीला काही होता कामा नये. वळवलं की विमान! जे जगात कुणी करत नाही ते केलं. अलगद आणून ठेवलं पट्टीवर. चहाचा पेला हिंदकळला नसता." विमानात चहाचा पेला नव्हता हे तिला सांगून उपयोग नव्हता. अण्णा ही गोष्ट सुरू झाली की उठून जायचे. चप्पल शोधायचे, नाहीतर मागच्या दाराने नळ बंद आहे का पाहायला. मला वाटायचं, संकोच. त्यानंतर त्यांनी मला कधी वर नेलं नाही. दहावीत मागितलं, कॉलेजात मागितलं, "नको" एवढंच. मला स्वतःला त्या दिवसातलं फार थोडं आठवतं, आणि त्यात जमीन अजिबात नाही. अण्णांचा कान आठवतो, कानामागून ओघळलेला घामाचा थेंब, गुडघ्यावर टेकलेला त्यांचा मनगटाजवळचा केसाळ हात. मी सगळा वेळ त्यांच्याकडेच बघत होते. मला भीती वाटली नव्हती हे मला पक्कं आठवतं. ते होते ना. म्हणून मार्गिकेतल्या त्या सहीनंतर, दोन बोटांनंतर, मी स्वतःला सांगत राहिले: तुम्हीही माझ्यासाठी मागे वळला होता, अण्णा. तुमचं जमलं, माझं जमलं नाही, एवढाच फरक.

मैदानावर पोहोचले तेव्हा हयवदन हँगरच्या दारात दात कोरत उभे होते. ते इथले मेकॅनिक, निवृत्त होऊनही रोज येतात. कन्नडिग, पण अण्णांशी भांडून भांडून एक मोडकं, जोरदार मराठी शिकलेले. माझ्या काळ्या बोटांकडे बघून म्हणाले, "काय रक्षिता, प्लग? मी रघुजींना दहा वर्षं सांगितलं, विका ही म्हातारी. ते म्हणायचे, हयवदन, तुम्हाला विकलं का कुणी?" हसले, आणि मग हसू तसंच चेहऱ्यावर ठेवून त्यांनी दुसरीकडे पाहिलं. आई म्हणाली होती तसंच झालं. मी कपाट उघडलं. एक टोपी, दोन चष्मे, वेलदोड्यांची डबी, विमानाचा एक लाकडी नमुना, लहान, पंखांना हातांचं तेल लागून काळा झालेला. शिकवताना हातात धरायचे. आणि आतून दाराला चिकटवलेलं एक चित्र, माझं, चौथीतलं असेल. तीन माणसं आणि एक कावळा, कावळ्याला विमान म्हणायचं होतं. सगळं एका कापडी पिशवीत मावलं. चौतीस वर्षं एवढी होतील असं वाटलं नव्हतं.

"अक्का, सरांची मुलगी ना?" मागे एक मुलगी उभी होती. मुलगी म्हणजे तिशीची. खांद्यावर पट्ट्या, पायात धुळीचे बूट. अनुषा, अण्णांची विद्यार्थिनी, आता त्यांच्या जागी शिकवते. ती कन्नडमध्येच बोलत होती, आणि मीही. आमच्यासारख्या इथे कित्येक पिढ्या राहिलेल्या घरांतून दोन्ही भाषा एकाच ताटातल्या असतात. "पुढचा विद्यार्थी आठला आहे. आत्ता विमान रिकामं आहे. चला ना, एक फेरी." मी नको म्हटलं. हयवदन तोवर वही घेऊन आले. "नाव लिहा. त्या वेळी तुमच्या वडिलांनी तुमचं नाव वहीत न लिहिता तुम्हाला बसवलं होतं. मी तीन महिने त्यांच्याशी बोललो नाही. आता लिहा, म्हणजे माझा हिशेब फिटला." हे मला माहीत नव्हतं. मी पेन हातात घेतलं, कारण त्यांनी ते इतकं पुढे धरलं होतं, आणि नाव लिहिलं. कधी कधी आपण एखादी गोष्ट करायची ठरवत नाही, फक्त नाही म्हणायचं राहून जातं.

आत जागा किती थोडी असते, हे मी विसरले होते. खांद्याला खांदा लागतो. तापलेल्या रेक्झीनचा आणि पेट्रोलचा वास, समोर तबकड्या, दोघांच्या पुढ्यात एकेक हँडल. एक हललं की दुसरं हलतं. अनुषाने पट्टे तपासले, इंजिन सुरू केलं, डुलत डुलत आम्ही पट्टीच्या टोकाला आलो. तिथे तिने विमान थांबवलं आणि हात मांडीवर ठेवून, समोर बघत, पाठ केलेल्या सुरात म्हणायला सुरुवात केली. कन्नडमध्ये होतं, पण शब्द न् शब्द तोच. पट्टीवर असताना दगा दिला तर थांबायचं. पुढे पट्टी उरली असेल तर तिथेच. पट्टी संपली तर समोर. डावीकडे थोडं, उजवीकडे थोडं, पण समोर. मागे वळायचं नाही. मग, त्याच सुरात, श्वास न घेता: "रक्षिता मनेयल्लिद्दाळे." रक्षिता घरी आहे.

इंजिन चालू होतं. दोघींपैकी कुणीच हललं नाही. अनुषाचे कान लाल झाले. "सॉरी, अक्का," ती म्हणाली, "तोंडाला सवय आहे."

"काय म्हणालीस?"

"आम्ही सगळेच म्हणतो. सरांकडे शिकलेले सगळे. शेवटचं वाक्य. आता तर काही जण मोठ्या विमानांवर आहेत, दोनशे माणसं मागे घेऊन जातात, तेही मनात म्हणतात." ती थांबली, माझ्याकडे न बघता पुढे बोलत राहिली, जसं एकाच दिशेला तोंड करून बसलेली माणसं बोलू शकतात. "पहिल्या दिवशी सर ती गोष्ट सांगायचे. म्हणायचे, लोक तुम्हाला सांगतील रघुजीने विमान मागे वळवून आणलं. खरं आहे. ते मी आयुष्यात केलेलं सगळ्यात वाईट उड्डाण. चारशे फुटांवर होतो. समोर कोरडं तळं होतं, एवढं मोठं. दुसऱ्या कुणालाही मी सांगितलं असतं, तिथे जा. विमान मोडलं असतं, आम्ही चालत बाहेर आलो असतो. इंजिन पूर्ण गेलं असतं तर मी तळ्यात उतरलोही असतो. पण ते अर्धं गेलं. अर्धं राहिलं की माणसाला हाव सुटते."

"म्हणून वळले?"

"म्हणून नाही. सर म्हणायचे, मुलगी माझ्याकडे बघत होती. घाबरली असती तर बरं झालं असतं. ती घाबरली नव्हती. त्या नजरेसमोर मला विमान मोडवेना." अनुषाने नाक ओढलं. "मग म्हणायचे, तुमच्यासमोर कुणीतरी असं बघत असेलच, शेजारी नसलं तरी डोक्यात. तिला आधी घरी ठेवून या. म्हणून ते वाक्य. दोन वर्षं आम्हाला वाटायचं, रक्षिता अजून अकरा वर्षांचीच आहे."

मला दिसत होते दारातून दिसणारे अण्णा, दोन्ही पाय जमिनीवर, हलणारे ओठ. रोज. सत्तावीस वर्षं. देवाचं नाव नव्हतं ते. रोज सकाळी ते मला घरी ठेवून निघत होते, आणि मी तिथेच, घरी, उंबऱ्यावर उभी होते. मला वाटायला हवं होतं की माझी गोष्ट माझ्याकडून काढून घेतली. तसं वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की मी एका माणसाच्या शेजारी इतकी वर्षं जेवले आणि त्याच्या ताटाच्या पलीकडे एवढं मोठं मैदान पसरलेलं होतं.

"जायचं का, अक्का?" अनुषाने विचारलं. "नाही म्हणालात तरी चालेल."

"जाऊ या."

जमीन सुटते तो क्षण कळत नाही. आवाज तोच असतो, धक्के तेवढे बंद होतात. पट्टी आमच्या पोटाखाली सरकून गेली आणि या वेळी मी बाहेर पाहिलं. पूर्वी जिथे द्राक्षमळे आणि नाचणी होती तिथे आता घरांच्या रांगा, पाण्याच्या निळ्या टाक्या, आखून ठेवलेले रिकामे चौकोन, मधे एखादा जुना आमराईचा तुकडा चुकून राहिलेला. "तीनशे," अनुषा म्हणाली. मग, "चारशे." आणि बोटाने खाली, जरा डावीकडे दाखवलं. तळं होतं. अर्धं बुजवून त्यावर भिंत घातली होती, उरलेलं कोरडं, भेगाळलेलं, त्यात क्रिकेट खेळणारी माणसं. डावीकडे थोडं, पण समोरच. एवढं उघड, एवढं मोठं, की हसू यावं. अकरा वर्षांच्या मला फक्त मान वळवायची होती. चारशे फूट म्हणजे काय ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं: क्रिकेट खेळणाऱ्यांच्या हातातली बॅट दिसते, चेहरे दिसत नाहीत. आणि आम्ही वर चढत राहिलो, त्या जागेतून, जिथे आम्ही दोघं एकदा संपू शकलो असतो, आणि त्या हवेवर कसलीही खूण नव्हती.

नंदीचा डोंगर डावीकडे आला तेव्हा अनुषाने विमान सरळ केलं. जमिनीपासून तीन हजार फूट. मी तिला विचारलं, वळायला किती लागतं? तिने माझ्याकडे पाहिलं, आजूबाजूचं आकाश पाहिलं, आणि म्हणाली, "बघा." तिने इंजिनाचा दांडा, थ्रॉटल, मागे ओढला. तो आवाज गेला. पंखा नुसता फिरत राहिला, पंख्यापलीकडे आकाश होतं आणि वाऱ्याची शीळ. एक, दोन, तीन, चार, ती मोजत होती. "इंजिन गेलं यावर एवढा वेळ माणसाचा नुसता विश्वास बसत नाही." मग तिने नाक खाली घातलं आणि विमान कुशीवर टाकलं, सगळा जिल्हा माझ्या खिडकीत उभा राहिला, तळी ताटल्यांसारखी कलली, आणि आम्ही आल्या दिशेकडे तोंड करून सरळ झालो. काटा दाखवत ती म्हणाली, "सहाशे दहा फूट गेले. हवा चांगली असताना, मला आधी माहीत असताना."

"अण्णांकडे चारशे होते."

"हो."

"मग आम्ही कसे आलो?"

"सर हेच आम्हाला विचारायचे. आम्ही काहीबाही सांगायचो, वारा, वजन कमी. ते म्हणायचे, नाही. वळणाच्या मध्यावर इंजिनाने काही सेकंद पुन्हा जोर दिला, आणि चाकं टेकल्यावर बंद पडलं. हयवदन सरांनी ते तीनदा खोलून पाहिलं. एक झडप अडकत होती हे सापडलं. मधे का सुटली ते सापडलं नाही. सर म्हणायचे, मी आणलं नाही. आणलं गेलो."

खाली देवनहळ्ळीचा किल्ला बोटाच्या पेराएवढा होता. मी तिकडे बघत होते आणि मला काही दिसत नव्हतं. म्हणजे माझं सगळं आयुष्य, बारावी, ग्रंथालय, गच्चीवरची झारी, आईच्या गोष्टीतल्या घारी, हे त्या काही सेकंदांवर उभं होतं, जे कुणाचे नव्हते. आणि ते अण्णांना माहीत होतं. ते माहीत असून ते रोज बटाट्यांच्या लॉऱ्यांतून वाट काढत घरी येत होते, आणि मी दार उघडल्यावर माझ्याकडे क्षणभर जास्त बघत होते. त्याला मी थकवा समजले होते.

"आता तुम्ही," अनुषा म्हणाली. तिने हात मांडीवर घेतले. माझ्या हातात हँडल आलं, त्यातली थरथर आली. आम्ही पुन्हा वर चढत होतो, नाक आकाशात, जसं पट्टीवरून उठताना असतं. मला वाटलं ती काहीतरी सांगेल, पण तिने न सांगता थ्रॉटल ओढून घेतला. थरथर गेली. पुन्हा तीच शांतता, पुलावरची, आणि दुसरीही, ज्या दिवशी डॉक्टर शरच्चंद्रांनी यंत्राचं बटण दाबलं तेव्हाची. आणि माझा हात, मी पाहत असताना, हँडल छातीकडे ओढू लागला. मला कळत होतं हे चूक आहे. मी लहानपणापासून ऐकलं होतं, इंजिन गेल्यावर ओढलं की पंख हवा सोडतात. तरी हात ओढत होता, घट्ट, बोटं पांढरी पडलेली, कारण खाली जायचं नव्हतं. काहीही झालं तरी, अजून थोडा वेळ, खाली जायचं नव्हतं. पंखातून एक शिट्टी वाजू लागली, बारीक, रडल्यासारखी, चढत जाणारी. विमान थरथरू लागलं. मी अनुषाकडे पाहिलं. तिने हँडल धरलं नाही, ओरडली नाही. तिने तर्जनी आणि मधलं बोट उचललं, माझ्या मनगटावर ठेवलं, आणि पुढे ढकललं. पान उलटायला लागतो तेवढाच जोर.

"हे कुणी शिकवलं तुला?" माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"सरांनी. सर कधी हातातून हिसकावून घेत नसत. दोन बोटं, बस्स. म्हणायचे, सगळ्यांचाच हात ओढतो, माझाही ओढला होता. रागवायचं नाही. फक्त सांगायचं, पुढे." तिने थांबून पुन्हा ढकललं. "पुढे, अक्का."

मी हात पुढे केला. नाक खाली आलं, शिट्टी थांबली, पंखांना हवा मिळाली आणि वाऱ्याचा मोठा, भरलेला आवाज आत आला. जमीन काचेत वर चढत गेली: नाचणीचे तुकडे, रस्ता, रस्त्यावरची एक लाल बस, कोरडी तळी एकामागून एक, सगळी समोर. मी मागे पाहिलं नाही. माझ्या मनगटावरची बोटं केव्हा उचलली गेली, मला कळलं नाही.